रिपोर्ट नॉर्मल आले, मग निदान कशावरून?

एमआरआय नॉर्मल, ईईजी नॉर्मल, रक्त-लघवी नॉर्मल. तरी पाय उचलत नाही, फिट येतात, पोटदुखी थांबत नाही. अशा वेळी फाईल मिटताना बऱ्याचदा एक वाक्य ऐकू येतं: ‘काही नाही, टेन्शनमुळे होतंय.’ या छोट्याशा वाक्यात दोन चुका आहेत. त्रास समोर दिसत असताना ‘काही नाही’ म्हणणं खोटं आहे. आणि ‘टेन्शनमुळे’ हा निष्कर्ष नॉर्मल रिपोर्टवरून निघतच नाही. तपासणीने एवढंच सांगितलं, की जे आजार तिच्यात दिसू शकतात ते दिसले नाहीत. त्यापुढचं निदान करायला वेगळा पुरावा लागतो. मानसिक आजार असोत की फंक्शनल आजार, दोन्हींसाठी तसा पुरावा मिळवण्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत. त्या पेशंटला आणि घरच्यांना माहीत असल्या, तर वर्षानुवर्षं एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरणं बरंच कमी होतं.

आधी ‘फंक्शनल’ म्हणजे काय ते पाहू. अवयवाच्या रचनेत इजा, गाठ, सूज, झीज असं काही सापडत नाही, पण त्याचं काम बिघडलेलं असतं, अशा आजारांना हे नाव आहे. मेंदू-मज्जासंस्थेत असं झालं तर पायातली ताकद जाते, हात थरथरतो, फिट येतात. आतड्यात झालं तर पोट दुखतं, शौचाचं तंत्र बिघडतं. ‘हार्डवेअर ठीक आहे, सॉफ्टवेअर बिघडलंय’ ही उपमा डॉक्टर सर्रास देतात. पहिल्या भेटीत समजवायला ती बरी आहे, पण फार ताणू नये, कारण मेंदूत या दोन गोष्टी इतक्या सुट्या नसतात. आणि एक गोष्ट पक्की: फंक्शनल म्हणजे सोंग नव्हे. सोंग घेणारा माणूस जाणूनबुजून करतो. इथे लक्षणांवर पेशंटचा ताबा नसतो.

टाचेखालचा हात

फंक्शनल निदान किती ठोस असू शकतं हे बघायचं, तर हूवरची खूण जवळून बघावी. चार्ल्स हूवर या अमेरिकन डॉक्टरने ती १९०८ मध्ये मांडली. तिला मशीन लागत नाही, दोन मिनिटं पुरतात.

पेशंटला पाठीवर झोपवतात. समजा, डाव्या पायात जोर नाही अशी तक्रार आहे. डॉक्टर डाव्या टाचेखाली आपला तळहात ठेवतात आणि सांगतात, ‘ही टाच खाली गादीत दाबा.’ जोर येत नाही, किंवा अगदी कमी येतो. मग हात तिथेच ठेवून सांगतात, ‘आता उजवा पाय सरळ वर उचला,’ आणि दुसऱ्या हाताने उजव्या मांडीवर खालच्या दिशेने दाब देतात. एक पाय जोराने उचलायचा तर शरीर तोल सांभाळण्यासाठी दुसरी टाच आपोआप खाली दाबतं, ते ठरवून करावं लागत नाही. फंक्शनल अशक्तपणात याच क्षणी डाव्या टाचेखालच्या हाताला चांगला दाब जाणवतो. म्हणजे मेंदूपासून स्नायूपर्यंतची वाट शाबूत आहे. बिघाड आहे तो लक्ष देऊन, ठरवून हालचाल करायला जाताना. अर्धांगवायूत मात्र दोन्ही वेळा दाब कमीच राहतो.

ही खूणसुद्धा फसवू शकते. खुब्यात दुखत असेल तर पेशंट टाच दाबायला कचरतो. सूचना नीट समजली नसेल तरी निकाल चुकतो. मेंदूच्या पॅरायटल भागात इजा होऊन शरीराच्या एका बाजूचं भानच हरपलं असेल, तर खूण खोटीच ‘फंक्शनल’ दिसते. म्हणून एका खुणेवर शिक्कामोर्तब करत नाहीत. पण चांगले न्यूरॉलॉजिस्ट आता ही खूण पेशंटपासून लपवत नाहीत. उलट नातेवाइकांसमोर पुन्हा करून दाखवतात: ‘बघा, पायात ताकद आहे, तुमच्या पायापर्यंत ती पोचू शकते.’ पेशंटची चोरी पकडली अशा सुरात हे सांगितलं, तर तो परत येत नाही. नीट सांगितलं तर फिजिओथेरपीची सुरुवात तिथूनच होते.

हाताच्या थरथरीसाठी अशीच एक युक्ती आहे. चांगल्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टेकवत डॉक्टर धरतील त्या ठेक्यावर चालायचं. डॉक्टर ठेका मध्येच बदलतात. फंक्शनल थरथर अशा वेळी थांबते, नाहीतर त्याच ठेक्यावर जाते, किंवा पेशंटला ठेकाच धरता येत नाही. पार्किन्सनची थरथर सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होते आणि दुसरा हात काय करतोय याकडे ती लक्ष देत नाही.

फिटचं प्रकरण जास्त अवघड, कारण डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते. सगळी भिस्त पाहणाऱ्यांच्या सांगण्यावर, आणि घाबरलेला माणूस जे सांगतो त्यात अर्ध्या गोष्टी राहून जातात. फंक्शनल फिटमध्ये डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, डोकं डावी-उजवीकडे हलत राहतं, झटके कमी-जास्त होत राहतात आणि प्रकार दोन मिनिटांच्या पुढे बराच वेळ चालतो. अपस्माराच्या मोठ्या फिटमध्ये डोळे सहसा उघडे असतात, आधी अंग ताठ होतं, मग झटके येतात आणि हळूहळू विरळ होत थांबतात. बहुतेकदा दोन मिनिटांच्या आतच. जीभ कडेला चावली गेली असेल तर कल अपस्माराकडे जातो. कपड्यात लघवी होणं दोन्हींत होतं, त्याचा निदानाला फारसा उपयोग नाही, तरी केस पेपरवर ते ठळक लिहिलेलं असतं. मेंदूच्या पुढच्या भागातून येणारी अपस्माराची फिट इतकी विचित्र दिसते, की अनुभवी माणूसही तिला फंक्शनल समजून बसतो. आणि काही पेशंटना दोन्ही प्रकारच्या फिट येतात.

शंका राहिली तर कसोटी एकच, व्हिडिओ-ईईजी. पेशंटला कॅमेऱ्यासमोर ठेवून फिट येईपर्यंत मेंदूच्या लहरी नोंदवायच्या. दोन फिटच्या मधल्या काळात वीस-तीस मिनिटं काढलेला साधा ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असं ठरत नाही. उलट, त्यात किरकोळ फरक दिसला म्हणून अपस्मार आहे असंही नाही. ही दुसरी चूक महागात पडते, कारण फंक्शनल फिटवर अपस्माराच्या गोळ्या चालत नाहीत. मग डोस वाढतो, दुसरी गोळी येते, पेशंट दिवसभर गुंगीत राहतो. कधी लांबलेली फंक्शनल फिट पाहून आयसीयूत घशात नळी घालण्यापर्यंत वेळ जाते.

घरच्यांच्या हातात असलेली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे मोबाईलवरचा व्हिडिओ. आधी पेशंटला कुशीवर वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू काढा, मग शूट करा. पूर्ण शरीर दिसू द्या, मग चेहरा आणि डोळे. मध्येच बंद करू नका. एकदा नावाने हाक मारून प्रतिसाद येतो का ते रेकॉर्ड होऊ द्या. फिट थांबल्यावरची दोन-तीन मिनिटंही घ्या, कारण अपस्मारानंतरचं घोरणं आणि गोंधळलेपण तिथेच दिसतं. कांदा किंवा चप्पल हुंगवणं, दातांत चमचा घालणं यातून निदान होत नाही आणि इजा मात्र होते. फिट ५ मिनिटांहून लांबली किंवा शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, तर व्हिडिओ सोडून दवाखाना गाठावा.

‘पुढे जाऊन दुसरंच काही निघालं तर?’ ही भीती डॉक्टरांनाही असते आणि तिला इतिहास आहे. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या हॉस्पिटलमध्ये हिस्टेरिया (फंक्शनल आजारांचं जुनं नाव) म्हणून निदान झालेल्या पेशंटचा पाठपुरावा करून मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी १९६५ मध्ये दाखवलं, की त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे मज्जासंस्थेचा आजार निघाला. या धक्क्याने दोन पिढ्यांचे डॉक्टर हे निदान करायलाच बिचकत राहिले. पण २००५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा १९७० च्या दशकापासून चुकीच्या निदानाचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास आढळलं. इतर अनेक आजारांच्या निदानात होणाऱ्या चुकांपेक्षा हे वेगळं नाही.

पोटाचा हिशेब

आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हे फंक्शनल आजारांतलं सर्वांत ओळखीचं नाव. यालाही नेमकी व्याख्या आहे. २०१६ च्या ‘रोम ४’ निकषांनुसार गेल्या ३ महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखलं पाहिजे आणि त्या दुखण्याचा पुढच्या तीनांपैकी दोन गोष्टींशी संबंध पाहिजे: शौचाला जाणं, शौचाच्या वेळा बदलणं, मलाचं स्वरूप बदलणं. तक्रारीची सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वीची हवी. म्हणजे नुसते गॅस आणि ‘पोट साफ होत नाही’ याला आयबीएस म्हणत नाहीत. दुखणं हवंच.

इथे धोक्याच्या खुणा पाठ असाव्यात: शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, रक्त कमी होणं, झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, आणि पंचेचाळीस-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. यांतलं एकही असेल तर आधी पुढची तपासणी, नाव नंतर. आपल्याकडे जंत-जिआर्डिया, दूध न पचणं आणि आतड्याचा टीबी यांचाही विचार करावाच लागतो. टीबीच्या पेशंटला वर्षभर ‘आयबीएस’च्या गोळ्या चालल्या, ही चूक धोक्याच्या खुणा न विचारल्यानेच होते. यांतलं काही नसेल, निकष जुळत असतील, रक्त-शौचाच्या मोजक्या चाचण्या ठीक असतील, तर निदान तिथे पूर्ण होतं. वरून आणखी तीन सोनोग्राफी केल्याने ते जास्त पक्कं होत नाही, पेशंटची भीती तेवढी पक्की होते.

मनाच्या आजाराला रक्ताची चाचणी नाही

डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, ओसीडी यांपैकी कशाचंही निदान आज रक्तावर किंवा स्कॅनवर होत नाही. तसा दावा करून कोणी महागडी तपासणी विकत असेल, तर पैसे वाचवावेत. निदान होतं ते बोलण्यातून, निरीक्षणातून आणि घरच्यांनी दिलेल्या माहितीतून. त्यात चार प्रश्न असतात: कोणती लक्षणं, किती काळ, त्यामुळे रोजचं काय अडलं, आणि याचं दुसरं काही कारण आहे का.

डिप्रेशनचं उदाहरण घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात दहा लक्षणांची यादी आहे. उदास वाटणं आणि कशातच रस न उरणं, ही दोन मुख्य. लक्ष न लागणं, स्वतःला कवडीमोल किंवा दोषी समजणं, पुढे काही चांगलं होणारच नाही असं वाटणं, मरणाचे विचार, हे चार विचारांशी निगडित. झोप, भूक, हालचालीतला संथपणा किंवा अस्वस्थता, आणि थकवा, हे चार शरीराचे. दहांपैकी किमान ५, त्यांत पहिल्या दोनांपैकी निदान एक, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच भाग, किमान २ आठवडे. आणि कामावर-घरात त्याचा ठळक परिणाम. अमेरिकेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या पुस्तकात यादी नऊची आहे, निराशेचं लक्षण तिथे वेगळं मोजत नाहीत, बाकी हिशेब तोच. या नऊच्या यादीतून निकष पूर्ण करणारे एकूण २२७ वेगवेगळे संच निघतात. म्हणून एकाच निदानाचे दोन पेशंट एकमेकांसारखे दिसत नाहीत. एक झोपूनच राहतो, दुसऱ्याला झोपच लागत नाही.

आपल्याकडचा पेशंट ‘मी उदास आहे’ असं क्वचित म्हणतो. तो म्हणतो, अंगात त्राण नाही, डोकं जड आहे, जीव घाबरा होतो, मुंग्या येतात. तरुण मुलगा ‘धातू जातो’ म्हणून येतो आणि ताकदीच्या गोळ्या मागतो. या तक्रारींवर थेट इलाज सुरू केला तर खालचं डिप्रेशन तसंच राहतं. म्हणून पहिल्या दोन लक्षणांबद्दल मुद्दाम विचारावं लागतं: ‘पूर्वी ज्यात मन रमायचं, ते आता नकोसं वाटतं का?’

शेवटचा प्रश्न, म्हणजे दुसरं कारण, घाईच्या ओपीडीत सर्वांत जास्त वेळा राहून जातो. थायरॉईड कमी पडलं तर माणूस संथ, थकलेला, उदास दिसतो, म्हणून टीएसएच बघतात. हिमोग्लोबिन, बी-१२ (शाकाहारी घरांत तर नक्कीच), साखर, वयस्कर माणसात सोडियमही. स्टेरॉईडच्या गोळ्या मूड दोन्ही दिशांना हलवतात. दारू हे स्वतःच डिप्रेशनचं कारण असू शकतं. ती थांबवून सुमारे महिनाभरात उदासी ओसरली, तर स्वतंत्र डिप्रेशनचं लेबल लावायची गरज उरत नाही. आणि एक प्रश्न असा आहे, की तो न विचारता डिप्रेशनची गोळी लिहू नये: ‘कधी सलग काही दिवस झोप कमी लागूनही उत्साह ओसंडत होता, बोलणं-खर्च-बेत सगळंच वाढलं होतं, असं झालं होतं का?’ उत्तर ‘हो’ असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने तो उन्मादाकडे उसळू शकतो. हा प्रश्न पेशंटपेक्षा बायकोला, नवऱ्याला, आईला विचारावा. पेशंटच्या आठवणीत ते दिवस ‘छान दिवस’ म्हणून असतात.

काही वेळा उलट दिशेने शोधावं लागतं. सत्तरीच्या आजोबांना दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, रात्री वाढतो, सकाळी बरे असतात, तर ते ‘वय झालं’ किंवा ‘मनाचं’ नसतं. तो डेलिरियम असतो, आणि मागे लघवीचं इन्फेक्शन, कमी झालेलं सोडियम किंवा नवीन सुरू केलेलं औषध निघतं. तरुण मुलीला काही दिवसांत भास, विचित्र वागणं, सोबत फिट आणि तोंडाच्या चमत्कारिक हालचाली, असं दिसलं तर एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडीमुळे येणारी मेंदूची सूज शोधावी लागते. ही सूज २००७ मध्ये नीट ओळखली गेली आणि तिच्यावर उपचार आहेत. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मानसिक लक्षणं सुरू झाली, शुद्ध कमी-जास्त होतेय, नवी डोकेदुखी आहे, एका बाजूची ताकद गेली आहे, अशा वेळी मात्र एमआरआय चैन नाही, गरज आहे.

प्रश्नावलीचा मार्क म्हणजे निदान नव्हे

इंटरनेटवर पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची प्रश्नावली भरून ‘मला डिप्रेशन आहे’ असं ठरवणारे बरेच आहेत, आणि आरोग्य शिबिरांतही असंच चालतं. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. पाच, दहा, पंधरा आणि वीस या तीव्रतेच्या पायऱ्या. दहा किंवा जास्त आले तर पुढे बघा, असा अर्थ. मूळ अभ्यासात दहाच्या रेषेवर ८८ टक्के आजारी माणसं पकडली गेली आणि ८८ टक्के निरोगी माणसं बरोबर सुटली. ऐकायला झकास. आता गणित मांडू. समजा, एका गावात १००० जणांकडून ती भरून घेतली आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर डिप्रेशन आहे. ५० पैकी ४४ पकडले गेले. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जण, आजार नसताना दहाच्या वर आले. एकूण १५८ जणांच्या कागदावर लाल खूण, आणि त्यांत खरे पेशंट ४४, म्हणजे चारांत जेमतेम एकाहून थोडे जास्त. दोष चाचणीचा नाही. चाळणीचं काम पुढे कोणाशी बोलायचं ते ठरवण्याचं, एवढंच. गोळी त्या मार्कावर सुरू करू नये. अपवाद नवव्या प्रश्नाचा. मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना शून्याहून जास्त काहीही लिहिलं असेल, तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. लगेच बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

नावं कोण ठरवतं?

आयसीडीचं मूळ १८९३ च्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. जाक बर्तियों या फ्रेंच माणसाने ती तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हा मानसिक आजारांचा स्वतंत्र विभाग तिच्यात आला. अमेरिकन मानसोपचार संघटनेचं डीएसएम १९५२ चं. दोन्ही पुस्तकांत सुरुवातीला मोजमाप नव्हतं. त्याचा परिणाम काय होतो हे न्यूयॉर्क आणि लंडनच्या हॉस्पिटलांच्या तुलनेत उघड झालं. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान कितीतरी जास्त होत होतं. पण दोन्हीकडच्या पेशंटना एकाच ठरावीक मुलाखतीने तपासलं, तेव्हा फरक बहुतांशी नाहीसा झाला. फरक डॉक्टरांच्या सवयीत होता. १९७२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १९८० च्या डीएसएम-३ मध्ये ‘इतक्यांपैकी इतकी लक्षणं, इतके दिवस’ ही पद्धत आली.

तरी सगळं सुटलेलं नाही. डीएसएम-५ च्या चाचण्यांत दोन डॉक्टरांनी एकाच पेशंटला वेगवेगळं तपासलं. योगायोग वजा करून उरणारं एकमत मोजलं, १ म्हणजे पूर्ण. आघातानंतरच्या पीटीएसडीला ०.६७ मिळाले, डिप्रेशनला फक्त ०.२८, सततच्या चिंतेच्या आजाराला ०.२०. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरने वेगळं नाव लिहिलं म्हणून पहिला अडाणी ठरत नाही.

मुदतीच्या रेषाही पुस्तकागणिक बदलतात. स्किझोफ्रेनियाला आयसीडी-११ किमान १ महिना मागतं, डीएसएम ६ महिने. दोन महिने भास-संशय असलेल्या तरुणाला एका पुस्तकात एक नाव, दुसऱ्यात दुसरं. शिवाय आयसीडीत तीव्र आणि तात्पुरत्या मनोविकाराला जागा आहे: दोन आठवड्यांत झपाट्याने सुरू होतो, तीन महिन्यांच्या आत पूर्ण ओसरतो. भारतात असे पेशंट बऱ्यापैकी दिसतात, आणि पहिल्या आठवड्यातच आयुष्यभराचं लेबल लावू नये याचं हे चांगलं कारण आहे. शोकाचंही तसंच. जवळचं माणूस गेल्यावरचं रडणं-झुरणं हा आजार नाही. ते रोजचं जगणं अडवत राहिलं तर लांबलेला शोक म्हणायला आयसीडी-११ किमान ६ महिने थांबायला सांगतं, डीएसएम प्रौढांसाठी १२.

आयसीडी-११ ला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. जुन्या फायलींवर एफ ३२, एफ ४४, एफ ४५ असे कोड दिसतात ते दहाव्या आवृत्तीचे. नव्या आवृत्तीत डिप्रेशनचा पहिला झटका ६ए७०, स्किझोफ्रेनिया ६ए२०. गेमिंगचा आजार नव्याने आला. फंक्शनल फिट आणि अशक्तपणा ‘डिसोसिएटिव्ह न्यूरॉलॉजिकल सिम्प्टम डिसऑर्डर’ या लांबलचक नावाखाली, ६बी६० मध्ये. पूर्वी ‘वैद्यकीय कारण सापडत नाही’ हीच ज्याची अट होती, त्या शारीरिक तक्रारींच्या गटाची अट आता पालटली आहे: त्रास आणि त्याबद्दल अवाजवी गुंतलेलं लक्ष, दोन्ही दिसायला हवं, कारण सापडो न सापडो. मधुमेहाच्या माणसालाही हे निदान लागू होऊ शकतं. हा बदल योग्य दिशेने झाला असं आमचं मत. समलैंगिकता डीएसएममधून १९७३ साली आणि आयसीडीमधून १९९० साली काढली गेली, हेही लक्षात ठेवावं. या याद्या माणसं बनवतात आणि चुका दुरुस्तही करतात.

अंगात येण्याबद्दल आयसीडी-११ काय म्हणतं हे मराठी वाचकाला जाणून घ्यायला आवडेल. जागरण-गोंधळात, देवीच्या जत्रेत अंगात येणं हा आजार धरत नाहीत. आजार तेव्हा, जेव्हा ते इच्छेविरुद्ध होतं, त्या समाजाच्या मान्य धार्मिक प्रथेचा भाग नसतं आणि त्या व्यक्तीचं जगणं त्यामुळे विस्कटतं. तेव्हाही ती बाई किंवा तो मुलगा पेशंट असतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

कागदावर काय लिहिलं जातं

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ मध्ये सांगितलं आहे, की मानसिक आजार आहे की नाही हे मान्य वैद्यकीय निकषांवर ठरेल आणि त्यांत आयसीडीची ताजी आवृत्ती येते. माणसाची जात, धर्म, पैसा, राजकीय मत, किंवा घराच्या-समाजाच्या रीतीशी त्याचं न पटणं, यावरून ते ठरवता येत नाही. मुलगी ऐकत नाही, परजातीत लग्न करायचं म्हणते, म्हणून ‘हिला दाखवा’ म्हणणाऱ्यांना हे कलम वाचायला द्यावं. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज आजार आहे असंही धरता येत नाही. याच कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यावा लागतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर कोड नीट लिहिलाय ना हे बघून घ्यावं.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र हा वेगळा विषय आहे आणि तिथे हमखास गोंधळ होतो. आजाराच्या नावावर टक्के मिळत नाहीत. ‘आयडियाज’ या भारतीय मोजपट्टीत स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात आणि आजार किती काळ आहे त्याचे गुण त्यात मिळवतात. सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेषा आहे. त्यामुळे ‘स्किझोफ्रेनिया आहे’ एवढं सांगून भागत नाही. अंघोळ स्वतः करतो का, दुकानातून सुटे पैसे मोजून आणतो का, शेवटची नोकरी का सुटली, हे घरच्यांनी नेमकं सांगावं लागतं. पेशंट त्या दिवशी नीटनेटका होऊन, हसून बोलला, तर गुण कमी पडतात.

पहिल्या भेटीला जाताना सोबत काय न्यावं: चालू असलेली सगळी औषधं पाकिटांसकट, आयुर्वेदिक आणि झोपेच्या गोळ्या धरून. लक्षणं कोणत्या महिन्यात, कोणत्या क्रमाने सुरू झाली त्याची अर्ध्या पानाची नोंद. फिट किंवा हालचालींचा व्हिडिओ. घरात कोणाला मानसिक आजार, आत्महत्या, अपस्मार होता का ते. दारू-तंबाखूचं खरं प्रमाण. आणि पेशंटबरोबर राहणारा एक माणूस, जो थोडा वेळ डॉक्टरांशी वेगळं बोलेल. केस पेपरवर ‘प्रोव्हिजनल’ असं लिहिलं असेल तर दचकू नये. डॉक्टरांनी निदान सध्यापुरतं धरलंय आणि पुढच्या भेटींत ते तपासून बघणार आहेत, असा त्याचा अर्थ. सहा-आठ आठवडे पुरेशा डोसने उपचार होऊनही काहीच फरक नसेल, तर गोळी बदलण्याआधी निदान पुन्हा पहिल्यापासून तपासायला सांगावं.